रणधवल राजाने देऊन टाकलेला शब्द

एका राज्यात अशी वेळ आली की तिथल्या कुणाही माणसाला एक शब्द उच्चारता येईना. शब्द साधा, तीन अक्षरांचा. मरण. राजापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांच्या जिभेवरून तो नाहीसा झाला, आणि मेला, मेली, मरतो हा त्याचा सगळा गोतावळाही त्याच्या मागोमाग गेला. हे कसे घडले आणि कसे निस्तरले, ते ऐका.

त्या राज्याचा राजा रणधवल. उंचापुरा, रुंद छातीचा. आवाज असा की बुरुजावरून हाक मारली तर खाली नदीच्या घाटावर ऐकू जावी. तीन लढाया त्याने जिंकल्या होत्या, आणि एकदा पिसाळलेल्या हत्तीसमोर तो एकटा उभा राहिला होता. त्याची राणी सुलक्षणा, आणि साडेपाच वर्षांची मुलगी केतकी. केतकीला प्रश्न फार पडत. मुंगीला गुडघे असतात का? नदी संध्याकाळी थकते का? राणी हातातले काम बाजूला ठेवी आणि उत्तर देई. राजा नुसता हसे.

एका हिवाळ्यात राणीला ताप भरला. केतकीला मावशीच्या बागेत पाठवून दिले. सहा दिवस वैद्य राबले, सातव्या दिवशी सकाळी राणी मेली. नदीकाठी तिला अग्नी दिला, आणि तिसऱ्या दिवशी केतकी परत आली. पालखीतून उडी मारून ती धावत आत गेली, सगळे महाल हिंडली आणि राजापुढे येऊन उभी राहिली.

"आबा, आई कुठे आहे?"

हत्तीपुढे न डगमगलेल्या राजाने नजर दुसरीकडे वळवली. तो म्हणाला, "आई गावाला गेली आहे."

"कधी येणार?"

"लवकर."

त्या दिवसापासून केतकी रोज सकाळी महाद्वाराच्या पायरीवर बसू लागली, आणि राजा मागच्या दाराने दरबारात जाऊ लागला.

अशात दरबारी एक मांत्रिक आला. त्याचे नाव मधुजिव्ह. अंगावर पांढरे स्वच्छ वस्त्र, चेहरा प्रसन्न, बोलणे साखरेच्या पाकासारखे. राजाला नमस्कार करून तो म्हणाला, "महाराज, एक शब्द आपल्या घशात रुतला आहे. तो गिळवत नाही आणि बोलवतही नाही. आज्ञा झाली तर मी तो काढून नेतो. आपल्याच नव्हे, साऱ्या प्रजेच्या जिभेवरून नेतो. म्हणजे चुकूनसुद्धा कुणी बाळाच्या कानावर तो घालणार नाही."

"आणि मोबदला?"

"मुलांच्या ज्या प्रश्नांना उत्तर मिळणार नाही, ते प्रश्न माझे."

राजाला वाटले, पोरांच्या प्रश्नांचे ते काय मोल! त्याने होकार दिला. मधुजिव्हाने त्याच्या ओठांपुढे तळवा धरला. राजाच्या तोंडातून एक काळा गोटा त्या तळव्यावर पडला, आणि राजाला हलके हलके वाटू लागले. मांत्रिक गोटा घेऊन उत्तरेला निघून गेला.

पहिले काही दिवस लोकांना बरेच वाटले. मग एकेका घरात गोंधळ सुरू झाला. कुंभारवाड्यात एक म्हातारा वारला, तेव्हा त्याच्या नातीला सांगितले की आजोबा झोपले आहेत. ती पोर त्यानंतर डोळेच मिटेना. कोष्ट्याच्या घरी सांगितले, बाळ फार गुणी होते म्हणून देवाने नेले. तर बाळाची थोरली बहीण मुद्दाम भांडी फोडू लागली, कारण गुणी मुलांचे काय होते ते तिला कळले होते. मुले विचारीत आणि मोठी माणसे दुसरेच काही बोलत. असा प्रत्येक प्रश्न मुलाच्या ओठांवरून पाखरू होऊन उडे आणि उत्तरेकडे जाई. एकेक पाखरू गेले की मूल थोडे गप्प होई. शेवटचे गेले की ते मुके होई, आणि त्याच्या पायाच्या बोटांपासून दगड चढू लागे.

केतकीने एकेचाळीस दिवस विचारले. बेचाळिसाव्या दिवशी ती पायरीवर आली नाही. आपल्या दालनात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला वाढवणारी भागादाई तिचे पाय धुवायला वाकली आणि ओरडली. पावले संगमरवराची झाली होती.

वैद्य आले, लेप झाले, होमहवन झाले. दगड रोज दोन बोटे वर चढत राहिला.

एके दिवशी भर दुपारी दालनाच्या सज्ज्यावर एक टिटवी येऊन ओरडू लागली. अशुभ म्हणून पहारेकरी तिला दगड मारू लागले. टिटवीने दोन दगड चुकवले आणि तिसऱ्याला ती माणसासारखी बोलली.

"राजा, मला हाकलणे सोपे आहे. पण तुझ्या राज्यात आता खरे बोलणारी मीच उरले आहे. करार तू माणसांच्या जिभांचा केलास, पाखरांच्या नाही. ऐक. तुझी राणी मेली."

कितीतरी दिवसांनी राजाने तो शब्द ऐकला. छातीत कुणी बुक्की मारावी तसे त्याला झाले. आणि आश्चर्य हे की त्यानंतरचा श्वास थेट पोटापर्यंत गेला.

"उपाय सांग," तो म्हणाला.

"उत्तरेला मौनगिरी आहे. तिथे मधुजिव्हाचा खजिना आहे, आणि तुझा शब्द त्यात पडला आहे. वाटेत तीन दारे. प्रत्येक दाराचा राखणदार एक काम सांगेल. तलवारीचा तिथे उपयोग नाही. शब्द ज्याने दिला त्यानेच आणला पाहिजे. आजपासून दहाव्या दिवशी दगड मुलीच्या गळ्याशी पोचेल." इतके बोलून टिटवी उडून गेली.

राजाने कारभार प्रधानावर सोपवला आणि घोडा मागच्या दाराशी आणायला सांगितला. भागादाई वाटेत आडवी उभी राहिली. साठीची बाई, राजालाही तिनेच अंगाखांद्यावर खेळवले होते.

"महाराज, पोरीला सांगून जा."

"तिला त्रास होईल, दाई."

"एक माणूस तिला न सांगता गेलं. आता दुसरं नको."

राजा दालनात गेला. केतकी भिंतीकडे पाहत होती. तिच्या पाठीमागे उभा राहून तो म्हणाला, "केतकी, मी उत्तरेच्या डोंगरावर जातो आहे. आठव्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, परत येईन." केतकीने मान वळवली नाही. राजाला वाटले, तिने ऐकलेच नाही. तो निघाला.

तीन दिवस घोडदौड करून चौथ्या दिवशी सकाळी तो मौनगिरीच्या पायथ्याशी पोचला. पहिले दार वेळूच्या बनात होते, आणि दारात एक वाघीण बसली होती. तिच्या पुढ्यात तिचे पिल्लू. पिल्लाच्या पंजात बाणाचे टोक मोडून रुतले होते आणि पंजा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

वाघीण म्हणाली, "हे टोक काढ आणि आत जा. सात जण आले. सातांनाही पिल्लाने हात लावू दिला नाही."

राजा गुडघे टेकून पुढे सरकला. रणात त्याने कितीतरी जखमी शिपायांचे बाण काढले होते. मऊ आवाजात तो म्हणाला, "घाबरू नकोस बाळा, मुळीच दुखणार नाही."

पिल्लाने त्याच्या मनगटाचा लचका तोडला.

"सातही जण हेच म्हणाले," वाघीण म्हणाली. "त्याला खोट्याचा वास येतो."

राजाने मनगटाला फेटा गुंडाळला. थोडा विचार केला आणि या खेपेला आपल्या नेहमीच्या आवाजात बोलला.

"दुखेल. चांगलेच दुखेल. मी मोठ्याने दहापर्यंत मोजीन, आणि दहाला ते बाहेर आलेले असेल. तोवर आईच्या पोटाशी टेकून राहा. ओरडायचे असेल तर ओरड."

पिल्लाने त्याच्याकडे रोखून पाहिले, आईच्या पोटात तोंड खुपसले आणि पंजा पुढे केला. राजा मोजू लागला. सहाला पिल्लू असे ओरडले की वेळूवरचे बगळे उडाले. नऊला टोक हलले. दहाला ते राजाच्या हातात होते. राजाचा सदरा घामाने भिजला होता आणि पिल्लू त्याच्या बोटांवरचे रक्त चाटत होते. वाघीण बाजूला झाली.

दुसरे दार म्हणजे एक तळे. तळ्याच्या मधोमध खडकावर एक कासव बसले होते, तीनशे वर्षांचे; त्याची पिले भोवतीच्या पाण्यात पोहत होती. ते म्हणाले, "मला एक विचारायचे आहे. मी सावकाश बोलतो. मध्ये बोललास तर तळे तुला पोटात घेईल."

पाचव्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा कासवाने पहिला शब्द उच्चारला: "पाणी." मग गप्प बसले. घटकाभराने म्हणाले, "आटले." राजाला वाटले, दुष्काळाचे विचारते आहे, उत्तर जिभेवर आले, त्याने दात आवळले. मग "तर." मग "माझी." इथे राजाने ठरवले की याला घराची काळजी आहे. ऊन तापले, मांड्यांना मुंग्या आल्या, पाण्यावर माशा घोंगावू लागल्या. "लेकरे." आता राजाला खात्रीच पटली: लेकरे जगतील का, हेच विचारणार. उत्तर तयार होते. तो गप्प राहिला. दिवस कलता कलता उरलेले शब्द आले: "मला... ओळखतील... का?"

राजा चकित झाला. दिवसभरात त्याने तीन उत्तरे तयार केली होती आणि तिन्ही भलत्याच प्रश्नांची होती.

"पाणी आटले तर लेकरे लांब जातील," तो हळूच म्हणाला. "पण तुमच्या पाठीवरची ही नक्षी त्यांच्याही पाठीवर आहे. मी आत्ताच पाहिली. ती ओळखतील."

कासवाने डोळे मिटले. तळ्यातून वाट उघडली.

सहाव्या दिवशी पहाट फुटताच राजा तिसऱ्या दाराशी आला. दार पितळेचे, आणि दारावर एक पितळी बाहुली. दोन्ही बाजूंना दगडी खांबांची रांग. राजाने जवळून पाहिले तर ते खांब म्हणजे माणसे होती. पगडीवाले, दाढीवाले, पोथीवाले, सगळे तोंड उघडून बोलता बोलता दगड झालेले.

बाहुली लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "एकच प्रश्न. मेल्यावर माणूस कुठे जातं?"

राजाला शास्त्री-पंडितांकडून ऐकलेली बारा उत्तरे आठवली. एकाहून एक सुंदर. त्यांतले गोडसे एक निवडून त्याने तोंड उघडलेही. मग त्याची नजर शेजारच्या खांबावर गेली. त्या दगडी चेहऱ्यावर केवढा आत्मविश्वास होता! राजाने तोंड मिटले. दरबारात, रणात, न्यायासनावर, सगळीकडे त्याला सगळे ठाऊक असायचे. राजाला ठाऊक नाही, असे म्हणायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

दार हलले नाही. बाहुली वाट पाहत राहिली.

"लोक निरनिराळे सांगतात. काहींवर माझा विश्वास बसतो, काहींवर नाही. पाहून आलेला मला कुणी भेटलेला नाही. माझी राणी तिकडे गेली, म्हणून मलाही हे कळावेसे फार वाटते. पण मला माहीत नाही."

पितळी दार कुरकुरत उघडले.

आत गुहा होती आणि गुहेत उजेडच उजेड. भिंतींना, छताला, जमिनीला हजारो पाखरे चिकटून रत्ने झाली होती. निळी, केशरी, हिरवी. मध्ये मधुजिव्ह बसला होता, आता वीस वर्षांचा तरुण दिसत होता. आणि त्याच्या पायाशी तो काळा गोटा. त्याला ना चमक ना रंग.

"यावे महाराज," मधुजिव्ह म्हणाला. "इतके कष्ट कशाला घेतलेत? हा दगड घेऊन गेलात तर मुलगी रडेल. त्यापेक्षा मी दुसरी तोड सांगतो. तिच्या मनातून तिची आईच काढून घेतो. नाव, चेहरा, हाताचा वास, सगळे. मग ती विचारणार नाही. पाय मोकळे होतील, उद्या ती अंगणात नाचेल. आपल्याला एक अक्षर बोलावे लागणार नाही."

राजा थबकला. खोटे कशाला सांगू? मुलगी उद्या अंगणात नाचते आहे हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.  मग तो म्हणाला, "आईची आठवण केतकीची आहे. ती देऊन टाकायचा मला अधिकार नाही. माझे होते ते मी दिले, आणि तेच परत न्यायला आलो आहे."

त्याने वाकून गोटा धरला. गोटा हलेना. दोन्ही हातांनी ओढला, खांदा लावला. मधुजिव्ह मंद हसला. तेव्हा राजा जमिनीवर पालथा झाला आणि, गोटा जिथून निघाला होता तिथेच परत न्यावा म्हणून, त्याने त्याला तोंड लावले. गोटा विरघळू लागला. चव कडू, इतकी की घसा सोलून निघावा. राजाने तो घोट घोट गिळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. राणीच्या चितेपाशीही तो रडला नव्हता, राजाने रडू नये म्हणून. आता तो मोठ्याने रडला आणि रडता रडता म्हणाला,

"माझी सुलक्षणा मेली."

गुहा हादरली. रत्ने फडफडली, पाखरे झाली आणि थव्याथव्याने दाराबाहेर उडाली. मधुजिव्हाचे केस पांढरे झाले, गाल बसले, पाकासारखा आवाज घोगरा झाला.

"शब्द नेशील," तो खोकत म्हणाला, "पण पोरीपुढे बोलणार कसा?"

"खाली बसून," राजा म्हणाला आणि निघाला.

उतरणीचा रस्ता होता. घोडा वाऱ्यासारखा धावला. आठव्या दिवशी सकाळी, नगर दोन कोसांवर असताना, घोड्याचा पाय मुरगळला. राजाने त्याला एका मळेकऱ्याच्या हवाली केले आणि स्वतः धावत सुटला. लोकांनी पाहिले, त्यांचा राजा अनवाणी, फेट्याशिवाय, धुळीने माखलेला धावतो आहे आणि त्याच्या डोक्यावरून रंगीत पाखरांचा थवा चालला आहे. ऊन डोक्यावर आले तेव्हा तो महाद्वाराच्या पायऱ्या चढत होता.

दालनाबाहेर प्रधान, वैद्य आणि शास्त्री उभे होते. वैद्य म्हणाले, "महाराज, दगड छातीपर्यंत आला आहे. जीव नाजूक आहे. आत्ताच काही सांगू नये."

शास्त्री म्हणाले, "सांगायचेच तर एखाद्या रूपकातून सांगावे. तारा झाली म्हणावे."

"आपण सगळे बाहेर थांबा," राजा म्हणाला. "दाई, तू आत ये."

केतकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. राजा या वेळी तिच्या पाठीमागे उभा राहिला नाही. भिंत आणि मुलगी यांच्यामध्ये हातभर जागा होती, तीत तो अंग चोरून शिरला आणि जमिनीवर बसला. तिचे डोळे आणि त्याचे डोळे समोरासमोर आले.

"केतकी, मी आलो. आठवा दिवस आहे आणि ऊन डोक्यावर आहे." तिच्या पापण्या हलल्या. "मी तुला एक खोटं सांगितलं होतं. आई गावाला गेली नाही. आई खूप आजारी होती. वैद्यांनी सगळी औषधं दिली, पण तिचं शरीर बरं होऊ शकलं नाही. आई मेली. मेलेलं माणूस परत येत नाही. म्हणून आई येणार नाही. मला हे सांगायची भीती वाटली, म्हणून मी खोटं बोललो. चूक माझी होती."

 राजाच्या तोंडाशी शंभर गोष्टी आल्या. आई किती चांगली होती, रडू नकोस, तू शूर आहेस. तो एकही बोलला नाही. उन्हाचा पट्टा खिडकीतून सरकत पलंगाच्या पायापर्यंत गेला. तो बसून राहिला.

मग खिडकीतून एक निळे पाखरू आत आले आणि केतकीच्या ओठांवर बसून विरून गेले. ओठ हलले. आवाज चिरका, न वापरलेला.

"मी औषधाची वाटी सांडली म्हणून?"

 आई कधी येणार, याचे उत्तर राजाने वाटभर घोकले होते. हा प्रश्न त्याच्या स्वप्नातही नव्हता. बागेत पाठवण्याच्या सकाळी ही पोर आईच्या उशाशी गेली होती, हात लागून वाटी सांडली होती. इतके दिवस हे पोटात घेऊन ती पायरीवर बसली होती.

"नाही," तो म्हणाला. "वाटी सांडली म्हणून नाही. तू काही केलंस म्हणून नाही, आणि तू काही केलं नाहीस म्हणूनही नाही."

"पण सगळं सांडलं होतं."

"हो. आणि भागादाईने लगेच दुसरी वाटी आणली होती. आईने ती घेतली. मी तिथेच होतो."

केतकीने दाईकडे पाहिले. दाई म्हणाली, "मीच पाजली, बाई. अख्खी वाटी. तोंड वाकडं करत प्यायली."

"नक्की?"

"नक्की," दोघेही म्हणाले.

केतकीच्या छातीवरचा दगड तडकला. आधी कपच्या पडल्या, मग त्याखालचा धाप लागलेला श्वास दिसला, आणि मग ती रडू लागली. राजाने तिला उचलले नाही, गप्प केले नाही. हात पसरले, आणि तीच सरकत त्याच्या मांडीत आली. तोही रडला. केतकीने बोट लावून त्याच्या गालावरचे पाणी पाहिले.

"तुम्ही पण?"

"मी पण. मलाही आई हवी आहे."

आता पाखरे भराभर येऊ लागली. केशरी, हिरवी, पिवळी. एकेक प्रश्न ओठांवर उतरला की एकेक चीर दगडावर उमटे.

"तिला तिथे भूक लागते?"

"नाही. मेलेल्या माणसाला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही."

"तिथे म्हणजे कुठे?"

"ते मला माहीत नाही, केतकी. तिचं शरीर आम्ही नदीकाठी अग्नीला दिलं. ती जागा मी तुला दाखवीन. त्यापुढचं कुणालाच नक्की माहीत नाही. तुला काय वाटतं?"

केतकीने विचार केला. "मला पण माहीत नाही."

"मग आपण दोघे मिळून विचार करू."

"आबा, तुम्ही पण मरणार?"

भागादाईने पदर तोंडाला लावला. राजाने नजर हटवली नाही.

"हो. एक दिवस सगळेच मरतात. पण मी धडधाकट आहे, आणि तू खूप मोठी होईपर्यंत मी असेन असं मला वाटतं. मी कधी नसलोच, तर दाई आहे, मावशी आहे. तू एकटी पडणार नाहीस. तसं मी सगळं सांगून ठेवलं आहे."

दगड गुडघ्यांखाली उतरला होता. केतकीने पायांची बोटे हलवून पाहिली. अंगठा हलला. मग ती वळून म्हणाली,

"दाई, जेवायला काय आहे?"

राजा गोंधळला. दाई हसू लागली आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "थालीपीठ," ती म्हणाली. "लोण्याचा गोळा घालून."

"दोन पाहिजेत," केतकी म्हणाली.

त्याच घटकेला साऱ्या राज्यात जिभा सुटल्या. कुंभाराने लेकीला मांडीवर घेतले आणि सांगितले, आजोबा झोपले नाहीत, आजोबा मेले. झोपलेली माणसे सकाळी उठतात. पोर खूप रडली आणि मग तिथेच, कितीतरी दिवसांनी, गाढ झोपली. कोष्टीण थोरल्या लेकीपुढे बसली. कुणाला नीट सांगता आले, कुणाची गाडी अडखळली, कुणी दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर बोलले. पण दगड सगळीकडे गळून पडला. मौनगिरीवर खांबांतली माणसे पापण्या मिचकावत घरी परतली. मधुजिव्ह म्हातारा होऊन गावोगाव फिरू लागला. गोड बोलायला तोंड उघडी, आणि खोकला येई.

केतकी मात्र एकदा ऐकून थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले, "आई अजिबातच येणार नाही?" चौथ्या दिवशी पुन्हा. दिवाळीला, अभ्यंगाच्या पाटावर, पुन्हा. राजाने दरबार थांबवून, घोड्यावरून उतरून, दर वेळी तेच उत्तर दिले. दर वेळी खाली बसून.

आणि एक गोष्ट झाली, जिची त्याने अपेक्षा केली नव्हती. तो शब्द नाहीसा झाल्यापासून राजवाड्यात राणीचे नावही कुणी घेत नव्हते. आता ते परत आले. स्वयंपाकघरात कुणी म्हणे, हे लोणचे राणीसाहेबांच्या हातचे. माळी म्हणे, हा चाफा त्यांनी लावलेला.

वसंतात एका सकाळी राजा केतकीला नदीकाठी घेऊन गेला. जागा दाखवली. केतकीने तिथे थोडी माती उकरून पाहिली, एक शिंपला सापडला, तो खिशात टाकला. मग पाण्यात पाय सोडून दोघे बसली.

"आबा, आई कधी पडली होती का? माझ्यासारखी, धपकन?"

राजाने डोके मागे टाकले आणि तो इतका मोठ्याने हसला की घाटावरच्या बायका वळून पाहू लागल्या.

"पडली होती तर! आमच्या लग्नाच्या दिवशी. सगळ्या राजेरजवाड्यांसमोर, अंबारीतून उतरताना, थेट भाताच्या परातीत."

"परातीत!" केतकी किंचाळली. "मग? मग काय झालं?"

राजा सांगू लागला. कथा इथवर आहे. तुम्हाला काही विचारायचे असेल, तर विचारा.